क्रोम सोडायचाय, पण धरायचं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की गुगल, मायक्रोसॉफ्ट, ॲपल यांच्यापैकी कुणाच्याच दावणीला नसलेला आणि आपल्यावर पाळत न ठेवणारा ब्राउझर हवाय. विंडोजचा आठ जीबीचा लॅपटॉप आहे, अँड्रॉइड फोन आहे, काम जीएसटी रिटर्न आणि दुकानांचे हिशेब. आणि विचारावं तिथं एक जण फायरफॉक्स म्हणतो, दुसरा म्हणतो त्याला गुगलच पैसे देतंय, तिसरा ब्रेव्ह घ्या म्हणतो, चौथा म्हणतो तो आतनं क्रोमच आहे. चौघंही खरं बोलतायत, आणि गोंधळ त्यामुळंच झालाय.

मी कोल्हापुरात राजारामपुरीत कॉम्प्युटर आणि नेटवर्कची कामं घेतो. शिरोली एमआयडीसीतल्या काही फाउंड्र्यांची ऑफिसं, लक्ष्मीपुरीतल्या पेढ्या, सीएंची ऑफिसं, दोन-तीन दवाखाने, अशी माझी गिऱ्हाइकं. लोकांना ब्राउझर बदलून द्यायचा आणि आठवड्यानं "ओ, ते आधीचंच बरं होतं" असा फोन घ्यायचा, हे दोन्ही नेहमीचं. त्यामुळं खाली जे लिहितोय ते ऑफिसात टिकतंय का या हिशेबानं लिहितोय. तुम्ही पत्रकार असाल किंवा कुणी खरोखर मागावर असेल तर उत्तर वेगळं येईल, त्याचं पुढं सांगतो.

मुळात तुम्ही दोन प्रश्न एका दमात विचारलेत. माझी माहिती गोळा होऊ नये हा एक, आणि मोठ्या कंपन्यांवर अवलंबून राहू नये हा दुसरा. ऐकायला एकच वाटतंय पण दोन्हीची उत्तरं बऱ्याचदा एकमेकांच्या विरुद्ध जातात. ब्रेव्ह पहिल्यात पास होतो, दुसऱ्यात अडतो. फायरफॉक्स दुसऱ्यात अर्धा पास होतो आणि पहिल्यात सेटिंग केल्याशिवाय पुरेसा नाही. ॲपलची सफारी गुगलचं इंजिन वापरत नाही, पण ती स्वतःच मोठ्या कंपनीची, आणि सफारीत गुगल सर्च ठेवायचे म्हणून गुगलनं ॲपलला एकट्या २०२२ सालात वीस अब्ज डॉलर दिले, हे अमेरिकेतल्या खटल्यातनं बाहेर आलं. म्हणजे तिथंही हात ओला आहेच.

आता "स्वतंत्र" म्हणजे नेमकं कशापासनं, हे जरा उलगडून बघू. मी तीन गोष्टी बघतो: इंजिन कुणाचं, पैसा कुणाचा, आणि इन्स्टॉल केल्या केल्या ब्राउझर कुणाकुणाला काय कळवतोय.

इंजिनाचं असं आहे. वेबसाइटचा कोड वाचून पडद्यावर पान उभं करणारा जो आतला भाग असतो ते इंजिन, आणि आजच्या घडीला रोजच्या वापरातली इंजिनं तीनच आहेत. गुगलचं ब्लिंक, ॲपलचं वेबकिट, आणि फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचं गेको. त्यातलं ब्लिंक हे २०१३ साली वेबकिटमधनंच फुटून निघालं, म्हणजे ते दोघं भावकीतले, वेगळ्या घरचं म्हणावं असं गेको एकटंच, ते नेटस्केप या जुन्या ब्राउझरच्या काळापासनं आलंय. ऑपेराचं स्वतःचं प्रेस्टो नावाचं चांगलं इंजिन होतं, त्यांनी २०१३ मध्येच ते सोडून गुगलचं घेतलं. मायक्रोसॉफ्टनं जानेवारी २०२० मध्ये आपला एज ब्राउझर क्रोमियमवर आणला, क्रोमियम म्हणजे ब्लिंक इंजिनासकटचा क्रोमचा खुला पाया. ब्रेव्ह, व्हिवाल्डी, ऑपेरा, सॅमसंगचा ब्राउझर, आपल्या झोहोचा उला, सगळे क्रोमियमवर. आपल्याकडं हायवेला ट्रकची बॉडी बांधणारे आहेत बघा, चॅसी एकाच कंपनीची येते आणि वरची बॉडी, केबिन, रंग, झालर ज्याची त्याची वेगळी, तसलाच हा प्रकार. बॉडी चांगली बांधणारा कारागीर चांगलाच असतोय, त्यात वाद नाही. पण चॅसीत उद्या काही बदल झाला तर तो सगळ्यांना झक मारत स्वीकारावा लागतो.

आणि तो बदल होतो, हे आपण नुकतंच बघितलंय. एक्स्टेन्शननं, म्हणजे ब्राउझरला वरनं जोडायच्या छोट्या प्रोग्रामनं, काय करायचं आणि काय नाही याचे नियम गुगलनं बदलले, मॅनिफेस्ट व्ही-थ्री म्हणतात त्याला, आणि त्यामुळं यूब्लॉक ओरिजिन हा जाहिराती आणि आपला माग काढणारे ट्रॅकर अडवणारा सगळ्यात चांगला एक्स्टेन्शन २०२४ च्या उत्तरार्धापासनं २०२५ पर्यंत क्रोममधनं टप्प्याटप्प्यानं बंद पडला. त्याची लाइट आवृत्ती चालते पण ती नावाप्रमाणंच लाइट. मला त्या काळात गिऱ्हाइकांचे फोन यायचे, "काल चांगलं चालत होतं, आज एकदम जाहिराती सुरू झाल्या, व्हायरस आलाय काय?" व्हायरस कसला, कंपनीनं नियम बदलला. जिची कमाई जाहिरातीवर, तीच जाहिरात अडवणाऱ्याचे नियम ठरवणार. फायरफॉक्सनं जुनी पद्धत चालू ठेवली, तिथं पूर्ण यूब्लॉक ओरिजिन आजही चालतोय. इंजिन वेगळं असण्याचा तुम्हाला-मला रोजच्या कामात होणारा फायदा तो हाच, बाकी वेबचे स्टँडर्ड कोण ठरवतं वगैरे चर्चा खरी आहे पण जीएसटीआर-थ्रीबी भरताना ती आपल्या डोक्यात नसते.

आता पैसा. इथं फायरफॉक्सवाल्यांना मान खाली घालावी लागते. मोझिला ही ना-नफा फाउंडेशनच्या मालकीची आहे हे खरं, पण सर्च बॉक्समध्ये गुगल डीफॉल्ट ठेवायचे पैसे गुगल देतं आणि त्यावरच गाडा चालतो. मे २०२५ मध्ये मोझिलाच्या वित्तप्रमुखांनी कोर्टात सांगितलं की कंपनीच्या उत्पन्नातला साधारण नव्वद टक्के वाटा फायरफॉक्समधनं येतो आणि त्यातला सुमारे पंच्याऐंशी टक्के गुगलच्या करारातनं. हे कोर्ट म्हणजे तेच, जिथं ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी गुगलनं सर्चमधली मक्तेदारी बेकायदा टिकवली असा निकाल दिला. पुढं सप्टेंबर २०२५ मध्ये उपाय ठरवताना त्यांनी क्रोम विकायला लावला नाही आणि पैसे द्यायलाही सरसकट बंदी घातली नाही, फक्त एकट्यापुरते बांधून घेणारे करार बंद केले. ती बंदी आली असती तर सगळ्यात आधी मोझिलाच आडवी झाली असती. गुगलच्या विरोधातला निकाल आणि मार बसणार गुगलच्या स्पर्धकाला, असं सगळं त्रांगडं आहे.

त्यात मोझिलानं स्वतःहून पण गोंधळ घातलेत. जुलै २०२४ मध्ये जाहिरातींचा परिणाम मोजायची एक सोय न विचारता चालू करून दिली. फेब्रुवारी २०२५ मध्ये वापराच्या अटी आणल्या आणि "आम्ही तुमचा डेटा कधीच विकणार नाही" अशा अर्थाचं जुनं वचन साइटवरनं काढलं, लोक चिडले, मग शब्द बदलले, विक्रीची कायद्यातली व्याख्या लई व्यापक आहे म्हणून असं करावं लागलं असा खुलासा केला. खुलासा माझ्या मते खोटा नव्हता, पण विश्वासावर चालणाऱ्या माणसानं असं वागायचं नसतं. तरीसुद्धा मी गिऱ्हाइकांना फायरफॉक्सच देतो, का ते सांगतो, कारण गुगलचा पैसा एका डीफॉल्टसाठी येतो आणि ते डीफॉल्ट तुम्ही दहा सेकंदात बदलू शकता. इंजिन तुम्हाला बदलता येत नाही.

तिसरी गोष्ट, ब्राउझर स्वतः घरी काय कळवतो. यावर डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजचे डग्लस लीथ यांनी २०२० साली सहा ब्राउझर तपासले होते, काहीही सेटिंग न बदलता. ब्रेव्ह सगळ्यात शांत निघाला, क्रोम, फायरफॉक्स, सफारी मधल्या गटात, आणि एज आणि रशियाचा यांडेक्स सगळ्यात वाईट. अभ्यास आता जुना झालाय, आवृत्त्या बदलल्यात, पण त्यातला मुद्दा शिळा नाही: डीफॉल्ट फायरफॉक्सला सोवळं समजू नका, त्याला आंघोळ घालावी लागते.

बाकीच्यांबद्दल आता भराभर माझं मत.

ब्रेव्ह. जावास्क्रिप्ट बनवणारे आणि मोझिलाच्या सुरुवातीच्या लोकांतले ब्रेंडन आइक यांनी काढलेला. जाहिराती अडवणं एक्स्टेन्शनवर सोडलेलं नाही, आतच बांधलंय, त्यामुळं वरच्या नियमबदलाचा त्याला फटका बसला नाही. ज्याला सेटिंगच्या भानगडीत पडायचंच नाही अशा माणसाला मी ब्रेव्ह देतो, सासऱ्यांच्या फोनवर तोच आहे. पण त्यात क्रिप्टो, रिवॉर्ड, वॉलेट असलं बरंच सामान आहे आणि २०२० मध्ये ॲड्रेस बारमध्ये क्रिप्टो साइटचं नाव टाइप केलं की मागनं स्वतःच्या कमिशनची लिंक जोडायचे, हे पकडलं गेलं. माफी मागितली, बंद केलं. माहितीची चोरी नव्हती ती, पण नजर कुठं आहे ते कळलं. पहिल्या दिवशीच रिवॉर्ड आणि वॉलेटची बटणं लपवून टाका, मग सुटसुटीत होतो.

लिब्रवुल्फ. फायरफॉक्सचाच कोड घेऊन स्वयंसेवकांनी त्यातलं कळवाकळवीचं सगळं काढलेलं, यूब्लॉक ओरिजिन आधीच बसवलेला. कागदावर तुमचं उत्तर हेच. मीही माझ्या लॅपटॉपवर वापरतो. ऑफिसात मात्र बसवत नाही, आणि त्याचं कारण एका सीएंच्या ऑफिसात समोरच दिसलं. तिथल्या मुलानं हौसेनं लिब्रवुल्फ टाकला आणि दुसऱ्या दिवशी मॅडम म्हणायला लागल्या की सकाळी दहाला आलेला मेल साडेचारला आलाय असं दाखवतंय, मेल सर्व्हरचं घड्याळ बिघडलंय. घड्याळ ठीक होतं. तुमची ओळख पटू नये म्हणून लिब्रवुल्फ साइटला आपला टाइमझोन सांगतच नाही, ग्रीनिचचा सांगतो, म्हणजे बरोब्बर साडेपाच तास मागं. शिवाय ओटीटी चालत नाही कारण गुगलचा वाइडवाइन नावाचा घटक त्यात डीफॉल्ट बंद, आणि फसव्या साइटची यादी गुगलकडनं येते म्हणून सेफ ब्राउझिंगही बंद. तत्त्व म्हणून बरोबर. पण "आज रात्री तुमची लाइट कट होणार, इथं क्लिक करा" असल्या मेसेजवर क्लिक करणारी माणसं ज्या ऑफिसात बसतात तिथं सेफ ब्राउझिंगची ती धोक्याची लाल पाटी लागतेच, मग यादी गुगलची का असेना. तुम्ही एकटेच वापरणार असाल आणि असल्या गोष्टींनी गडबडत नसाल तर खुशाल घ्या, फक्त अपडेट आपोआप होतोय का हे बसवतानाच बघून घ्या.

व्हिवाल्डी नॉर्वेचा, ऑपेराच्याच एका संस्थापकानं काढलेला, मालकी कर्मचाऱ्यांकडं, बाहेरचे गुंतवणूकदार नाहीत. पैशाच्या बाबतीत हा मला सगळ्यात नीटनेटका वाटतो. चॅसी मात्र क्रोमियमची आणि वरचा इंटरफेसचा कोड पूर्ण खुला नाही. टॅब लई उघडणाऱ्यांसाठी मस्त आहे.

उला. सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि आयटी मंत्रालयानं देशी ब्राउझरची स्पर्धा घेतली त्यात २०२५ च्या मार्चमध्ये झोहोच्या टीमला पहिलं बक्षीस मिळालं, एक कोटीचं, तेव्हापासनं मला बरेच जण विचारतात. झोहो जाहिरातीवर जगत नाही, सॉफ्टवेअर विकून पैसे कमावते, ही मोठी जमेची बाजू. कामाचं, घरचं, मुलांचं असं वेगवेगळं मोड करता येतं. पण "पूर्ण देशी" म्हणून घेत असाल तर इंजिन अमेरिकेचंच आहे एवढं लक्षात ठेवा.

डकडकगोचा ब्राउझर विंडोजवर मायक्रोसॉफ्टचं वेबव्ह्यू, म्हणजे एजचंच इंजिन, वापरतो, म्हणजे परत तिथंच. साधा आणि बरा आहे, पण तुम्ही जो मुद्दा धरून बसलाय त्यात बसत नाही. मलवाड ब्राउझर हा टोर प्रोजेक्टनं (ओळख लपवून नेट वापरायचं टोर नेटवर्क चालवणारे) मलवाड व्हीपीएनबरोबर २०२३ मध्ये काढला, टोरच्या नेटवर्कशिवायचा टोर ब्राउझर समजा. त्याचा विचारच वेगळा आहे, सगळे वापरणारे एकसारखे दिसले पाहिजेत, म्हणून त्यात काही बदलायचं नाही, एक्स्टेन्शन टाकायचं नाही, बंद केला की सगळं पुसलं जातं. रोज सात पोर्टलवर लॉगिन करणाऱ्याला तो सोसणार नाही. आणि खरोखर कुणी मागावर असेल, बातमीदार असाल, कुणाविरुद्ध माहिती बाहेर काढणारे असाल, तर टोर ब्राउझर, आणि तोही नीट शिकून, माझ्यासारख्या दुकानदाराच्या सल्ल्यावर नको.

नवं काही येतंय का, तर येतंय. लेडीबर्ड नावाचा ब्राउझर इंजिनासकट पहिल्यापासनं लिहिला जातोय, आंद्रेयास क्लिंग यांनी सुरू केलेला, २०२४ मध्ये त्यासाठी ना-नफा संस्था झाली, सर्चचे वगैरे करार करायचेच नाहीत असं त्यांनी ठरवलंय. अल्फा, म्हणजे अगदी सुरुवातीच्या, आवृत्तीसाठी २०२६ साल जाहीर केलंय, तीसुद्धा लिनक्स आणि मॅकसाठी. मोझिलानंच सुरू करून २०२० मध्ये हात काढून घेतलेलं सर्व्हो नावाचं इंजिनही आता लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली पुढं चाललंय. तुमच्या प्रश्नाचं खरंखुरं शंभर टक्के उत्तर कदाचित यांच्यातनं निघेल, पण आज त्यावर बँकेचं काम करायचा विचार नको.

छोटे-छोटे फोर्क, म्हणजे दुसऱ्याचा कोड घेऊन काढलेले ब्राउझर, बरेच आहेत, यूट्यूबवर दर महिन्याला एक "सगळ्यात प्रायव्हेट ब्राउझर" येतो. त्यांच्याबद्दल माझा एकच निकष आहे, सुरक्षेचे अपडेट किती लवकर येतात. क्रोमला २०२३ पासनं दर आठवड्याला सुरक्षेचा अपडेट येतो. एखादा हौशी फोर्क महिनाभर मागं असेल तर त्या महिन्यातली सगळी भोकं जगाला माहीत झालेली असतात आणि तुमच्याकडं उघडी असतात. गुगलला माहिती जाऊ नये म्हणून चोराला दार उघडं ठेवण्यात काय अर्थ आहे? साइटवर शेवटची आवृत्ती कधीची ते बघा, फायरफॉक्स किंवा क्रोमच्या दोन-चार दिवसांत येत नसेल तर नाद सोडा.

तर तुमच्यासाठी माझं म्हणणं: लॅपटॉपवर मुख्य ब्राउझर फायरफॉक्स, नीट बसवलेला, आणि शेजारी एक क्रोमियमवाला फक्त अडणाऱ्या पोर्टलसाठी. फोनवर फायरफॉक्स किंवा ब्रेव्ह.

बसवायचं कसं ते जरा सविस्तर, कारण खरा फरक इथं पडतो. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत जा, ट्रॅकिंग प्रोटेक्शन स्टँडर्डवर असतं ते स्ट्रिक्ट करा. एखादी साइट मोडली, बटण दाबलं जात नाही असं झालं, तर ॲड्रेस बारच्या डाव्या टोकाला ढालीचं चिन्ह असतं, तिथनं तेवढ्या साइटपुरतं बंद करता येतं, सगळं स्टँडर्डवर आणायची गरज नाही. त्याच पानावर खाली फायरफॉक्सला तांत्रिक माहिती पाठवायच्या, अभ्यासात सामील व्हायच्या टिका असतात, सगळ्या काढा. होमच्या पानावरचे स्पॉन्सर्ड शॉर्टकट आणि स्पॉन्सर्ड स्टोऱ्या बंद करा. सर्चमध्ये जाऊन डीफॉल्ट बदला आणि स्पॉन्सरच्या सूचना बंद करा. एचटीटीपीएस-ओन्ली मोड चालू करा, म्हणजे असुरक्षित जोडणीवर साइट उघडायच्या आधी तो इशारा देतो. आणि हवं असेल तर भाषा मराठी करून घ्या, फायरफॉक्सचा मराठी इंटरफेस आहे, माझ्या काही गिऱ्हाइकांना तो बघून फार बरं वाटलंय, मला स्वतःला त्यातली काही बटणं शोधायला वेळ लागतो ते सोडा.

मग यूब्लॉक ओरिजिन. "ओरिजिन" हा शब्द बघूनच घ्या, नुसता यूब्लॉक हा वेगळ्याच लोकांचा आहे. बसवल्यावर कुठल्याही मोठ्या मराठी वर्तमानपत्राची साइट उघडा. आधी काय व्हायचं आठवा, मथळा वाचायला लागलं की वर जाहिरात लोड होऊन मथळा खाली सरकायचा, कोपऱ्यात व्हिडिओ सुरू व्हायचा. आता पान स्थिर येतं. पण मजा त्यात नाही, यूब्लॉकच्या लाल चिन्हावरचा आकडा बघा. पान पूर्ण आलंय, तुम्ही माउसला हातसुद्धा लावलेला नाही, तरी आकडा वाढतच असतो, कारण पानातले तुकडे परत परत बाहेर फोन लावायचा प्रयत्न करतायत. चिन्हावर क्लिक करून तपशील उघडला की किती वेगवेगळ्या डोमेनला ते बोलायला बघतंय त्याची यादीच येते, त्यात वर्तमानपत्राचं स्वतःचं नाव एखाददुसरं, बाकी सगळे पाहुणे. हुपरीच्या एका चांदीवाल्यांना हे दाखवलं, ते म्हणाले, "एवढी माणसं तर लग्नाला पण नव्हती."

यूब्लॉक सोडला तर दुसरं एक्स्टेन्शन टाकताना दहा वेळा विचार करा. लक्ष्मीपुरीतल्या एका पेढीवर पीडीएफ जोडायचं कुठलंतरी फुकट एक्स्टेन्शन होतं, ते प्रत्येक सर्च आधी स्वतःच्या साइटवरनं फिरवून मग पुढं पाठवायचं. ब्राउझर कितीही प्रामाणिक असू दे, "सर्व साइटवरचा डेटा वाचणे आणि बदलणे" ही परवानगी एकदा दिली की तो एक्स्टेन्शनवाला तुमच्या खांद्यावरनं बघत बसलेला असतो. फुकटचं व्हीपीएन एक्स्टेन्शन तर नकोच नको.

आता तुमच्या धंद्याची गोष्ट. जीएसटीला डिजिटल सिग्नेचर लावायची तर त्यासाठीचं एमसाइनर सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर चालू असावं लागतं आणि पोर्टलच्या पानाला तुमच्याच मशीनवरच्या त्या सॉफ्टवेअरशी बोलावं लागतं. फायरफॉक्समध्ये ते जमतं पण कधी सर्टिफिकेटवरनं अडतं, आणि वीस तारखेला संध्याकाळी अडलं तर प्रायव्हसीचं तत्त्वज्ञान कुणालाच सुचत नाही. म्हणून दुसरा ब्राउझर. मशीनवर एज आहेच, तो चालेल, फक्त त्यात मायक्रोसॉफ्टचं अकाउंट लॉगिन करू नका आणि जीएसटी, टीडीएसचं ट्रेसेस, बँक यांच्यापलीकडं त्यात काही उघडू नका. त्या पोर्टलला तुमची माहिती तुम्ही स्वतःच भरताय, तिथं लपवायचं काय राहिलंय? एजचं तोंड बघायचं नसेल तर व्हिवाल्डी किंवा उला टाका. गिऱ्हाइकांची वेगवेगळी लॉगिनं एकाच वेळी उघडायची असतात ना, त्यासाठी फायरफॉक्सचं मल्टी-अकाउंट कंटेनर एक्स्टेन्शन बघा, मोझिलाचंच आहे, एका टॅबमध्ये एक दुकान, दुसऱ्यात दुसरं, लॉगआउट न करता. सीएंच्या ऑफिसात प्रायव्हसीसाठी कुणी फायरफॉक्स ठेवला नाही, यासाठी ठेवला.

फोनवर फायरफॉक्स घेतला तर त्यातही यूब्लॉक ओरिजिन चालतो, क्रोममध्ये अँड्रॉइडवर एक्स्टेन्शनच नाहीत. ब्रेव्हचं फोनवर एक खास कारण आहे. जून २०२५ मध्ये युरोपातल्या संशोधकांनी दाखवलं की अँड्रॉइडवर फेसबुक आणि इन्स्टाग्रामची ॲप फोनच्या आतल्या आत, लोकलहोस्टवर, कान लावून बसायची आणि ब्राउझरमधल्या साइटवरचा मेटाचा ट्रॅकर त्यांना निरोप पोचवायचा, म्हणजे कुकी पुसा, इन्कॉग्निटो वापरा, ओळख जुळायचीच. उघड झाल्यावर मेटानं ते थांबवलं. ब्रेव्ह साइटना लोकलहोस्टशी बोलू देत नसल्यामुळं तो आधीच वाचलेला होता. अर्थात हाच अडसर लॅपटॉपवर एमसाइनरला आडवा येऊ शकतो, म्हणून तिथं मी ब्रेव्ह म्हणालो नाही. आणि आयफोन घ्यायचा विचार असेल तर आपल्याकडं तिथं सगळ्याच ब्राउझरना आतनं ॲपलचं वेबकिट वापरावं लागतं, त्यामुळं इंजिनाचा प्रश्नच मिटला, नाव फायरफॉक्स असू दे नाहीतर क्रोम.

इन्कॉग्निटोचं नाव निघालंच म्हणून, तो घरातल्या माणसांपासनं लपवायला आहे, कंपन्यांपासनं नाही. गुगलवर याचसाठी अमेरिकेत दावा झाला आणि २०२४ च्या तडजोडीत त्यांनी अब्जावधी नोंदी पुसायचं मान्य केलं.

सर्चबद्दल. डकडकगोचे निकाल बरेचसे मायक्रोसॉफ्टच्या बिंगवरनं येतात, स्टार्टपेज बरेचसे गुगलचे निकाल तुमचं नाव न सांगता आणून देतं, ब्रेव्ह सर्चची स्वतःची यादी आहे. मराठीत शोधायला, एखादा जीआर किंवा गावातली बातमी, मला अजून गुगलचेच निकाल बरे वाटतात, म्हणून मी स्टार्टपेज डीफॉल्ट ठेवलंय. हे आवडीवर आहे, आठवडाभर वापरून ठरवा.

ब्राउझरच्या हातात नसलेल्या गोष्टीही कळू देत. जीमेलला लॉगिन करून त्याच ब्राउझरमध्ये दिवसभर फिरलात तर गुगलला तुमची ओळख तुम्हीच दिलीय. जीमेलला कंटेनरमध्ये ठेवा. जिओ, एअरटेल, बीएसएनएल, जो कोण तुमचा नेटवाला असेल त्याला तुम्ही कुठल्या साइटवर गेलात हे बऱ्यापैकी दिसतंच, डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस, म्हणजे साइटचा पत्ता विचारतानाची चौकशी झाकून पाठवायची सोय, चालू केलं की थोडं कमी दिसतं. आणि अँड्रॉइड ही सिस्टिमच गुगलची आहे, वरचा ब्राउझर बदलून खालची जमीन बदलत नाही. त्यामुळं "संपूर्ण सुटका" हा शब्द मी गिऱ्हाइकांना देत नाही, माहिती किती कमी जाते तेवढं दाखवतो.

शेवटी सामान हलवायचं. बुकमार्क फायरफॉक्स स्वतः क्रोममधनं उचलतो. पासवर्डसाठी क्रोमच्या पासवर्ड मॅनेजरमधनं सीएसव्ही फाइल एक्स्पोर्ट करा, फायरफॉक्समध्ये इम्पोर्ट करा, आणि लगेच सेटिंगमध्ये प्रायमरी पासवर्ड लावा, नाहीतर लॅपटॉपवर बसणारा कोणीही सगळे पासवर्ड उघडून बघू शकतो. ती सीएसव्ही फाइल साधी एक्सेलमध्ये उघडते, सगळ्या गिऱ्हाइकांचे जीएसटीचे युजरनेम-पासवर्ड त्यात धडधडीत लिहिलेले असतात. इम्पोर्ट झालं की डाउनलोड्समधनं उडवा, रिसायकल बिनमधनंपण उडवा, आणि वनड्राइव्ह चालू असेल तर तिथं तिची कॉपी गेलीय का तेही बघा. दर वेळी कुणाच्या ना कुणाच्या मशीनवर ही फाइल मला तशीच पडलेली सापडते.